बायोमेडिकलमध्ये एमटेक: गेटचा पेपर कुठला घ्यावा, आणि हा ईसीजी का अडतोय?

कोपरखैरणे_सेक्टर११
नमस्कार मंडळी. बीई इलेक्ट्रॉनिक्स, शेवटचं वर्ष, नवी मुंबईतलंच कॉलेज. बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायचं नक्की केलंय. दहावीनंतर बायॉलॉजी सोडलं, त्याची धास्ती आहे. गेटला (एमटेक प्रवेशाची परीक्षा) बीएम म्हणजे बायोमेडिकलचा पेपर द्यावा की ईसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा? जर्मनीचा विचार करावा का?

शिवाय शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ईसीजीचा घेतलाय आणि तो तिथेच अडलाय. एडी६२० ही अँप्लिफायर आयसी, गेन ठरवणारा रेझिस्टर आरजी ५१ ओहम, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो) साधारण ९७०, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. इलेक्ट्रोड लावले की आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं, हलत नाही. आयसी बदलून पाहिली, तेच. जाणकारांनी कृपया सांगावं.

ऐरोलीचा_पूल
आधी पेपरचं. बीएम हा पेपर २०२० पासून आहे. १०० पैकी १५ गुण अ‍ॅप्टिट्यूडचे, १३ गणिताचे, ७२ विषयाचे. या ७२चा अभ्यासक्रम उघडून बघ: सर्किट्स, सिग्नल्स, अ‍ॅनालॉग-डिजिटल, मेजरमेंट आणि कंट्रोल, सेन्सर्स आणि बायोइन्स्ट्रुमेंटेशन. यातलं बरंचसं तुझं आधीच झालंय. नवीन काय, तर अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मेडिकल इमेजिंग, बायोमेकॅनिक्स, बायोमटेरियल्स. बायॉलॉजीला घाबरून ईसी घेऊ नकोस.

तरी ठरवण्याआधी एक काम कर. ज्या दोन-तीन संस्था मनात आहेत त्यांच्या माहितीपुस्तिकेत कुठला पेपर चालतो, तो तक्ता वाच. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा असतो. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे यंदा मनासारखी जागा मिळाली नाही तरी तो वाया जात नाही.

फिजिऑलॉजी पाठ करू नकोस, सर्किट म्हणून वाच. पेशीचं पटल म्हणजे कपॅसिटर आणि त्याला समांतर रेझिस्टर, आयनांचा फरक म्हणजे बॅटरी. विश्रांतीत आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट का, हे एकेका आयनासाठी नर्न्स्टच्या आणि सगळ्यांसाठी मिळून गोल्डमनच्या समीकरणाने स्वतः काढून बघ. त्यानंतर अ‍ॅक्शन पोटेन्शियल (पेशीतून जाणारा विजेचा झटका), हृदयाचं चक्र, फुप्फुसातले हवेचे आकारमान, नेफ्रॉन. याच क्रमाने गेलास तर पाठांतर फार उरत नाही. न्यूमेरिकल प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही, ते एकही कोरे सोडू नकोस.

मोजमाप
ईसीजीबद्दल सांगतो. आयसी चांगली आहे. गेन चुकीच्या जागी लावलाय.

सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यात स्वतःचाच एक डीसी व्होल्टेज तयार होतो. दोन इलेक्ट्रोडचे व्होल्टेज तंतोतंत सारखे नसतात. फरक नुसता २० मिलिव्होल्टचा धर. गुणिले ९७०, झाले १९ व्होल्ट. बॅटरी नऊची, मग आउटपुट टोकाला चिकटणारच. चांगल्या ईसीजी यंत्राने ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा असा फरक सोसावा, अशी अपेक्षा असते. आणि तुला हवा असलेला सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टचा.

म्हणून गेन दोन हप्त्यांत घे. ५१ ओहम काढून ५.६ के (किलोओहम) लाव, गेन ९.८ होईल, ३०० मिलिव्होल्ट आले तरी तीन व्होल्टच. मग एक मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि ३.३ मेगओहम ग्राउंडला, म्हणजे ०.०५ हर्ट्झचा हायपास (त्याखालचं अडवणारा फिल्टर). डीसी इथे अडतो. त्यानंतर दुसरा गेन १००. शेवटी १० के आणि ०.१ मायक्रोफॅरड, साधारण १६० हर्ट्झचा लोपास (त्यावरचं अडवणारा). सॅम्पलिंग सेकंदाला ५००.

दुसऱ्या टप्प्यात ७४१ हा ऑपअँप (अँप्लिफायरची साधी आयसी) मात्र लावू नकोस. त्याचा बायस करंट (इनपुटमधून वाहणारा बारीक करंट) साधारण ८० नॅनोअँपिअर, ३.३ मेगओहममधून गेला की पाव व्होल्ट होतो, गुणिले १००, आणि आउटपुट पुन्हा टोकाला. टीएल०७२ घे. कपॅसिटरही इलेक्ट्रोलिटिक नको, त्याची गळती नडते. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. चालू केल्यावर पंधरा-वीस सेकंद थांब, हायपासला स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

उजव्या पायाचं इलेक्ट्रोड लावलंयस ना? ते नसेल तर इनपुटच्या बायस करंटला परतीची वाट नाही, आणि तेवढ्यानेही आउटपुट टोकाला जातं.

माणसावर तपासताना बॅटरीच वापरायची आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवायचा. यात तडजोड नाही.

ट्रान्सहार्बर
वरच्या दोघांशी सहमत. फक्त एक गोष्ट आधी ठरव. बायोमेडिकल हे एका कामाचं नाव नाही. यंत्रं घडवणं, सिग्नल आणि प्रतिमांवर काम, इम्प्लांट आणि पदार्थ, रुग्णालयातली उपकरणं सांभाळणं या चार वेगळ्या वाटा आहेत आणि प्रत्येकीची प्रयोगशाळा वेगळी. पवईला आयआयटीत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभागात बायोमेडिकलचं एमटेक आहे. ठाण्याहून कांजूरमार्ग आणि पुढे बस, म्हणजे घरापासून फार लांब नाही. रुग्णालयाची ओढ असेल तर आयआयटी मद्रास, त्रिवेंद्रमची श्रीचित्रा संस्था आणि वेल्लोरचं सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एमटेक चालवतात. आयआयटी दिल्लीचं बायोमेडिकल केंद्र एम्सबरोबर १९७१ पासून आहे.

संस्थेचं नाव बघण्याआधी तिथल्या प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले प्रबंधाचे विषय बघ. दुसरं वर्ष जवळपास सगळं प्रबंधातच जातं. विषय न पटणाऱ्या प्रयोगशाळेत ते वर्ष काढणं फार जड जातं, म्हणून हे आवर्जून सांगतेय.

जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं आणि त्याला वेळ लागतो, सहाव्या सेमिस्टरची गुणपत्रिका हातात आली की लगेच अर्ज करावा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. तिथली विद्यापीठं तुझे विषय आणि त्यांचे तास त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात, म्हणून कॉलेजकडून सविस्तर अभ्यासक्रमाची शिक्क्यानिशी प्रत आताच घेऊन ठेव. अर्ज नाकारला जातो तो बऱ्याचदा इथेच.

आणि नोकरी उपकरणांच्या कंपनीत हवी असेल तर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७, आयएसओ १३४८५ (गुणवत्ता व्यवस्थापन) आणि आयईसी ६०६०१ (विद्युत उपकरणांची सुरक्षितता) ही नावं मुलाखतीत ओळखीची असली पाहिजेत. सी आणि डी (जास्त जोखमीच्या) वर्गातल्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झालाय, त्यामुळे कागदपत्रं समजणारा इंजिनिअर लागतोच.

कोपरखैरणे_सेक्टर११
मनापासून आभार. मोजमाप सर, ५.६ के आणि टीएल०७२ लावून लाटा दिसल्या. पण वर घरगुती विजेच्या ५० हर्ट्झचा जाड पट्टा आहे, पी लाट (ठोक्याची पहिली छोटी लाट) त्यात बुडते. नॉच फिल्टर (नेमकी तेवढीच फ्रिक्वेन्सी काढणारा) टाकू का?

मोजमाप
नॉच शेवटचा उपाय. तो क्यूआरएसचा (ठोक्याच्या उंच टोकदार लाटेचा) आकारही थोडा बिघडवतो. आधी त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी कर, जुने वाळलेले इलेक्ट्रोड फेकून दे, आणि दोन्ही हातांच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन आण. पट्टा तेवढ्यानेच निम्मा होताना दिसेल.

उरला तर उजव्या पायाला ड्राइव्ह दे, म्हणजे तोच गोंगाट उलटा करून शरीराला परत दे. ५.६ केच्या जागी २.७ केचे दोन ओळीत लाव, मधल्या बिंदूवरून बफर, त्यापुढे उलटा अँप्लिफायर, आणि त्याचं आउटपुट ३३० केमधून उजव्या पायाला. ३३० के विसरू नकोस: ऑपअँप बिघडून पूर्ण नऊ व्होल्ट पायावर आले तरी करंट २७ मायक्रोअँपिअरवरच थांबतो. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणांनाही एक बिघाड धरून ५० मायक्रोअँपिअरची मर्यादा आहे, तू तिच्याही आत राहतोस. अँप्लिफायर शिट्टी मारायला लागला तर त्याच्या फीडबॅक रेझिस्टरला समांतर एक नॅनोफॅरड टाक.