बेल्करचा शेवटचा श्वास: पळवाट की खरंच शेवट?

दांडियाबाजारचं भूत
रविवारी कमाटीबागेत पाऊस आला आणि वाद अर्धवट राहिला. इथे पुरा करू. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' हे रिच बर्लूचं 2003 पासूनचं वेबकॉमिक. काडीमाणसं, डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) खेळाचे नियम, हिरे खर्चून मेलेल्याला परत आणायची सोय. त्यातल्या बेल्कर या बुटक्या खुनशी गड्याबद्दल भविष्य आहे की वर्ष संपायच्या आत तो शेवटचा श्वास घेणार, आणि तोही कायमचा शेवटचा.
माझी थिअरी अशी: शब्द 'श्वास' आहे, 'जीव' नाही. व्हँपायर श्वास घेत नाही. बेल्करच्याच टोळीतल्या डरकॉनला याच भविष्यवेत्त्याने सांगितलं होतं, मेल्यावर घरी जाशील. गडी खूश, आपल्या मातीत पुरतील म्हणून. गेला तो व्हँपायर होऊन. तेव्हा बेल्कर मरेल, पण संपणार नाही.

रावपुरा लोकल
तीच खोच दोनदा? लेखक एवढा आळशी वाटतो का तुला? डरकॉननंतर सगळे वाचक त्या वाटेवर टपून बसलेत.
आणि मुद्द्याचं सांगतो. व्हँपायर डरकॉन हा डरकॉन नव्हताच. शरीर चालवणारा दुसराच होता, खरा आत कोंडलेला. म्हणजे तुझा बेल्कर 'वाचला' तरी कैदेतच. याला वाचणं म्हणतात?

दांडियाबाजारचं भूत
कोंडलेला म्हणजे आहे ना अजून! डरकॉनने आतूनच आपल्या सगळ्या आठवणी त्याच्यावर ओतल्या आणि त्याला हरवलं. बेल्कर तर आत बसूनही चाकू चालवेल.

वटपद्र
मुलाच्या नादाने मी हे कॉमिक वाचायला लागले, आता तो मागे आहे. शब्दांच्या खोचीवर चाललंय म्हणून बोलते.
वडाला दोरा गुंडाळताना आपण सावित्रीची गोष्ट अर्धीच सांगतो. वनपर्वात यम वर देताना दरवेळी 'याचा जीव सोडून' असं कलम घालतो. सासऱ्याची दृष्टी, गेलेलं राज्य, वडिलांना शंभर मुलगे, मग तिला स्वतःला शंभर मुलगे. चारही वेळा कलम आहे. पाचव्या वराला ते घालायचं राहतं, आणि बाई ते तिथल्या तिथे दाखवून देते, की या वराला तुम्ही अपवाद ठेवलेला नाही. रडून नाही, कागद वाचून जिंकली ती. (आमच्याकडे भाडेकरार करताना मला हीच आठवते.)
आता बघा. सत्यवानाचीही वर्षाचीच मुदत नारदाने सांगितली होती. ती खोटी ठरली नाही, तो त्या दिवशी मेलाच. परत आला तो कलम राहून गेलं म्हणून. बेल्करच्या भविष्यात कलम राहिलेलं नाही. 'कायमचा' हा शब्द भविष्यवेत्त्याने मुद्दाम घातलाय. भूतभाऊ, तुम्ही 'श्वास' धरून बसलात आणि पुढचा शब्द गिळलात.

नियमपुस्तक
सावित्रीला कशाला मध्ये आणता? हे डी अँड डी आहे, इथे नियम छापील आहेत. हिरा, मंत्र आणि आत्म्याची तयारी. तिसरं सगळे विसरतात. आत्मा यायला नाही म्हणाला तर हिरा कितीही मोठा असो, उपयोग नाही.
म्हणून मला वाटतं, बेल्करच नाही म्हणेल. सुरुवातीचा बेल्कर आणि मांजर पाळणारा बेल्कर यांत किती फरक पडलाय बघा. जन्मभर स्वतःपुरतं बघणारा गडी इतरांसाठी तो हिरा सोडेल. 'कायमचा' तिथून येईल.

वटपद्र
हे पटलं. पण मग तुमचाही नियम नाही राहिला, स्वभाव झाला.

रावपुरा लोकल
मला नाही पटलं. बेल्कर आणि त्याग! मांजर घेऊन परत येईल तो.

फाइन आर्ट्सचा कट्टा
तुम्ही सगळे चुकीच्या मढ्याभोवती बसलात. खरा सौदा व्हीचा, म्हणजे त्याच टोळीतल्या जादूगाराचा आहे. (व्ही 'तो' की 'ती' हे कॉमिकमध्ये उघड केलेलं नाही आणि मराठी क्रियापद तेच आधी विचारतं. म्हणून मी 'व्हीने' आणि 'व्हीला' यांवर वेळ मारून नेतोय.)
एक ड्रॅगन व्हीच्या मुलांच्या जिवावर उठली, तेव्हा व्हीने तीन सैतानांकडून तीन मेलेल्या जादूगारांची ताकद उसनी घेतली. किंमत वेळेत. जितका वेळ ताकद वापरली तितका वेळ व्हीचा आत्मा त्यांच्या ताब्यात, आणि तिघांचा हिशोब वेगवेगळा. कुटुंब वाचलं तिथेच थांबता आलं असतं. व्हीने झायकॉनला, म्हणजे कॉमिकच्या मुख्य खलनायकाला, मारायचा हट्ट धरला आणि मीटर चालू राहिलं. त्या ताकदीने टाकलेल्या एका मंत्रात त्या ड्रॅगनच्या रक्ताच्या नात्यातले सगळे मेले, त्यात ड्रेकटूथ हे माणसांचं घराणंही साफ झालं. ते हिशोबात कोणी धरलंच नव्हतं.
एक वसुली झालीय, दोन बाकी. माझी पैज: बेल्कर मरत असेल त्याच क्षणी व्हीला उचलतील.

नियमपुस्तक
सैतानांना बेल्करचं काय पडलंय? त्यांचं लक्ष गेटवर, म्हणजे जग गिळू शकणाऱ्या राक्षसाला कोंडून ठेवणाऱ्या जादूच्या दारावर. पहिली वसुलीही त्यांनी गेटपाशीच केली. बेल्कर तिथे मेलाच तर तो योगायोग.

दांडियाबाजारचं भूत
योगायोगाने का असेना, व्ही तिथे नसेल हे मान्य केलंस! लावतो मी पैज. बेल्कर परत आला तर दोन प्लेट सेव-उसळ, तरी जास्तीची.

वटपद्र
'परत' म्हणजे काय ते आधी लिहा. व्हँपायर चालेल का?

दांडियाबाजारचं भूत
चालेल.

रावपुरा लोकल
नाही चालणार. आणि पाव कोणाचे?