पाणचिचुंद्री उंदीर नव्हे

पाणचिचुंद्रीला, म्हणजे पाण्यात शिकार करणाऱ्या चिचुंद्रीला, काहीजण "पाण्यातला उंदीर" म्हणतात, तेवढं दुरुस्त करतो. चिचुंद्री कृंतक, म्हणजे उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी, नाही. तिचं नातं जमिनीखाली बिळं खणणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याशी आणि साळूसारख्या काटेरी हेजहॉगशी. आमच्या सोलापुरात जुन्या घरांच्या भिंतीकडेनं चिकचिक करत पळते ना, तिचीच ही लांबची बहीण.

डोंगरी ओढ्यातल्या अमेरिकन पाणचिचुंद्रीचं वजन जेमतेम १५ ग्रॅमच्या आसपास. मागच्या पायांच्या कडेला ताठ केसांची झालर असते, तीच वल्ह्याचं काम करते. दाट केसांत हवा अडकते, म्हणून थंड पाण्यातही ऊब टिकते. पण त्याच हवेमुळे पोहणं थांबवलं की ती बुचासारखी वर येते. म्हणजे तळाशी राहायला सतत पाय मारावे लागतात आणि त्यासाठी सतत खावं लागतं: पाणकिडे, अळ्या, छोटे मासे.

मला सगळ्यात थक्क करते ती तिची वास घेण्याची रीत. नाकातून हवेचा बुडबुडा सोडायचा, तो वस्तूला टेकवायचा आणि लगेच परत आत ओढायचा. केनेथ कॅटानिया या जीवशास्त्रज्ञानं २००६ मध्ये हे दाखवून दिलं. त्याआधी सस्तन प्राणी पाण्याखाली हुंगू शकत नाहीत असंच धरलं जायचं. रात्रीच्या अंधारात डोळ्यांपेक्षा मिशा कामाला येतात. भक्ष्य जरा हललं, की क्षणार्धात झडप.

आपल्याकडे हिमालयातल्या ओढ्यांत हिच्या भाऊबंद जाती आहेत. सिक्कीमकडच्या एकीच्या पायांना तर चक्क पडदे असतात.