४.६ गिगाहर्ट्झचं ठीक, पण आपल्याकडचा मे महिना आणि ग्राफिक्स कार्डाच्या लेन बघा

जुन्या कॉम्प्युटरवर गेम खेळायला इंटेलचा आय-५ २५००के प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, ४.६ गिगाहर्ट्झला न्या आणि सोबत आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड टाका, असा सल्ला एकाने दिलाय. ओव्हरक्लॉकचं पटतं, पी६७ नाहीतर झेड६८ चिपसेटचा मदरबोर्ड असेल तर मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवला की झालं, पण ४.६ हा आकडा थंड हवेतला आहे भाऊ. भुसावळ-जळगावला मे मधे बाहेर ४५ आणि दुपारी खोलीत पंख्याखाली ३७ तर सहज असतं, आणि हीटसिंक कितीही भारी लावा, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, म्हणजे २५ डिग्रीत ७० दाखवणारी चिप इथे सरळ ८२ ला जाते. मी उन्हाळाभर ४.२ वरच ठेवतो, दिवाळीनंतर वाढवतो. त्यात घर कापसाच्या जिनिंग मिलजवळ असेल तर हीटसिंकच्या पात्यांमधे कापसाच्या तंतूंची पांढरी गादी बसते, ती फुंकून निघत नाही, पंखा काढून ब्रशनेच खरवडावी लागते.

कार्डाचं मात्र अजिबात पटलं नाही. ६५०० एक्सटी फक्त ४ लेन (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा) वापरतं आणि २५००के चा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस २.० चा, म्हणजे जेमतेम २ जीबी प्रति सेकंद. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की टेक्श्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) कॉम्प्युटरच्या रॅममधून एवढ्याशा वाटेने ओढावे लागतात आणि गेम अडखळतो, मग प्रोसेसर ४.६ ला पळवून उपयोग काय. त्यापेक्षा जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं सेकंडहँड बघा, १६ लेनचं आहे, १२० वॅटमधे भागतं, फक्त एसएमपीएसला (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला) कार्डासाठी जादा पॉवर केबल आहे का ते आधी कॅबिनेट उघडून बघून घ्या.