४० लाखांची सूट आणि शिनोळीचा रस्ता

बेळगावात घरगुती मसाल्याचा धंदा करू पाहणाऱ्या एका वहिनींनी इथं लिहिलंय, ‘४० लाखांच्या आत उलाढाल, म्हणजे जीएसटीची कटकट नाही.’ वहिनी, तुमचा मसाला बेळगावातच विकणार असाल तर बरोबर. पण तुम्ही महाराष्ट्रातल्या चंदगडच्या दुकानांना पाकिटं पाठवणार म्हणताय, तिथं घोळ आहे. हद्दीपलीकडची शिनोळी आपल्याला घरासारखीच, पण कायद्यात ते परराज्य. परराज्यात माल पाठवायचा तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. आणि नोंदणी करताना ‘कंपोझिशन’ (छोट्या धंद्यांसाठीची सोपी कर-योजना) घेऊ नका, त्यात बाहेरच्या राज्यात विक्री करताच येत नाही. मी तेच घेऊन बसलो होतो, कोल्हापूरची चांगली ऑर्डर हातची गेली.

दुसरं, भाव ठरवताना मिरचीची घट धरा. माझ्याकडं १० किलो ब्याडगी दोन दिवस उन्हात टाकून देठं खुडली की काट्यावर जेमतेम साडेआठ भरते. पहिलं वर्षभर मी १० किलोचाच हिशेब करत होतो. विक्री जोरात आणि गल्ल्यात पैसा नाही, कारणच कळेना. शेवटी बायकोनं देठांची पिशवी काट्यावर ठेवून दाखवली.

उधारी आठ दिवसांच्या वर नको. ओळखीच्या दुकानदाराला तर वहीवर सही घेऊनच माल द्या. मागायला मलाही जड जायचं, पण गिरणीवाला आपल्यासाठी थांबत नाही.

नोंदणीचे कागद काढताना अडलं तर इथंच विचारा, मी रात्री नऊनंतर असतो.