मदत हवी आहे: बोलता येत नसताना आपत्कालीन विभागात आपला आजार कसा कळवावा?

मला ॲडिसनचा आजार आहे. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी शरीराला आवश्यक असलेले कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसे तयार करत नसल्यामुळे त्याऐवजी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या मला रोज आणि आयुष्यभर घ्याव्या लागतात. अलीकडे उलट्यांमुळे गोळी पोटात टिकेना, रक्तदाब झपाट्याने उतरला आणि मला रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे लागले. अशा वेळी प्रौढ रुग्णाला १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन तातडीने देणे, शिरेतून सलाइन सुरू करणे आणि त्यासाठी तपासण्यांच्या अहवालांची वाट न पाहणे अपेक्षित असते; परंतु तेथे प्रथमदर्शनी ते साधे पोटाचे दुखणे समजले गेले आणि मी स्वतः नीट बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो. सोबतच्या भावाने फाइल पुढे करून आग्रह धरला, म्हणून निभावले. (अर्थात, एवढी जाडजूड फाइल घाईत कोण वाचणार?)

आपल्यापैकी ज्यांना असा अनुभव आहे, त्यांनी कृपया सांगावे की खिशातील कार्ड, मनगटावरील पट्टी आणि मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरील वैद्यकीय माहिती यांपैकी प्रत्यक्षात कशाकडे लक्ष दिले गेले. डॉक्टरांकडून एका पानाचे पत्र घेतले असल्यास त्यात सर्वांत वर काय लिहिले होते? घरी इंजेक्शनचा संच ठेवणाऱ्यांनी घरच्यांना ते स्नायूत देण्याचे प्रशिक्षण कोणाकडून दिले, हेही जाणून घ्यायचे आहे. आजारपणात डोस किती वाढवावा, याविषयी मी माझ्या डॉक्टरांशी बोलत आहे. त्यामुळे तो सल्ला येथे नको.