वकिलीची पहिली वर्षं: चेंबरमध्ये काय सोसलंत, कसं निभावलंत?

सनद मिळून वर्ष-दोन वर्षं झालेली मुलं-मुली हल्ली कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये गाठून विचारतात, "मॅडम, सीनियर पक्षकारांसमोर अंगावर फाइल फेकतात. सगळीकडे असंच असतं का?" सगळीकडे नसतं, आणि असू नये. म्हणून हा धागा काढते आहे. ज्युनियर, सीनियर, फर्ममधले, वकिली सोडलेले, सगळ्यांनी लिहा. चेंबरचं, म्हणजे सीनियरच्या ऑफिसचं, नाव आणि पक्षकार ओळखू येईल असा तपशील मात्र टाळा. आणि त्रास झाल्यावर काय केलंत, ते जरूर लिहा. नव्यांना त्याचीच गरज आहे.

माझ्या मते दुखण्याचं मूळ पैशात आहे. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे ज्युनियरला नेमणूकपत्र नाही, रजा नाही, दाद मागायला जागा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनियरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं परिपत्रक काढलं. पण ती नुसती शिफारस आहे.

पुणे, दिवाणी कामं

आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी चढलेला मी पहिलाच, तीही काळा कोट घालून. वडिलांची लातूरकडे कोरडवाहू शेती. सुरुवातीला सीनियर पैसेच देत नव्हते. "आम्ही पदरचे घालून शिकलो," हे ठरलेलं उत्तर. सकाळी त्यांच्या मुलाला क्लासला सोडायचं, मग नकलांचे अर्ज, दुय्यम निबंधकाकडे सर्च (मिळकतीच्या जुन्या दस्तांचा शोध), संध्याकाळी ड्राफ्टिंग. सर्चची फी पक्षकाराकडून वेगळी घेतली जायची, माझ्या हातात रिक्षाचं भाडंसुद्धा नाही. चूक कोणाचीही असो, बोलणी मला, तीही जातीवरून टोमणा मारून.

सीनियरच्या भाषेत फरक पडला नाही, पण खिशात पडला तेव्हा बळ आलं. रविवारी भाडेकरारांच्या ऑनलाइन नोंदणीची कामं घ्यायला लागलो. खोलीचं भाडं त्यातून निघायला लागल्यावर सीनियरना सांगितलं, घरची कामं करणार नाही आणि सर्चच्या फीमधला वाटा हवा. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हटलं. निघताना एक काम आठवणीनं केलं, तुम्हीही करा: ज्या वकीलपत्रांवर माझं नाव होतं, त्या प्रत्येक प्रकरणात पक्षकाराला कळवून, यापुढे मी या प्रकरणात नाही अशी रीतसर पुरसिस (लेखी निवेदन) कोर्टात दिली. नाहीतर तारखेला गैरहजर म्हणून आपलंच नाव खराब होतं.

नागपूर, न्यायाधीश परीक्षेची तयारी

मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. तेव्हापासून आमच्या चेंबरमध्ये सीनियरची एकच धमकी: "सर्टिफिकेट माझ्या सहीनं मिळणार आहे, ध्यानात ठेव." निकाल नीट वाचला आणि जीव भांड्यात पडला. त्याच कोर्टातल्या दहा वर्षं वकिली झालेल्या कोणत्याही वकिलाचं प्रमाणपत्र, न्यायिक अधिकाऱ्याच्या शेऱ्यासह, चालतं. आता रोजच्या हजेरीची डायरी लिहितो, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) माझं नाव असलेल्या तारखांची नोंद ठेवतो आणि वकीलपत्रावर नाव घालायचा आग्रह धरतो. टोमणे थांबलेले नाहीत, झोप मात्र लागते.

मुंबई, फोर्ट

रात्री साडेदहाला "कॉन्फरन्स आहे, तू एकटीच थांब" हे सीनियरचं सुरू झालं तेव्हा मी आईलाही सांगितलं नाही; तिनं वकिलीच सोडायला लावली असती. सांगितलं ते आधी तिथे काम केलेल्या मुलीला. तिचा अनुभव तोच होता. त्यानंतर आम्ही चेंबरमधल्या दोघी एकत्रच निघायचो आणि त्यांचे रात्रीचे सगळे मेसेज जपून ठेवायचो.

मुलींनो, कायदा माहीत करून घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात बिनपगारी शिकाऊ व्यक्तीसुद्धा कर्मचारी धरली आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. बार कौन्सिलनं वकिलांसाठी अशा समित्या नेमाव्यात ही मागणी मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये मान्य केली नाही, कारण कौन्सिल ही वकिलांची मालक नव्हे. गैरवर्तनाची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली करता येते. पण ज्या व्यवसायात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे एकट्या ज्युनियरनं ती करायची म्हणजे केवढं धाडस लागतं! मी तक्रार केली नाही. एका ज्येष्ठ वकील बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या चेंबरमध्ये जागा दिली.

लोअर परळ, कंपनी कायदा

फर्ममध्ये मला पैसे चांगले मिळायचे, म्हणून कोणी ऐकूनच घेत नसे. टाइमशीटवर सहा-सहा मिनिटांचा हिशेब, रात्री दोनला मेल आणि सकाळी सातला "झालं का?" लिफ्टमध्ये छातीत धडधडायला लागलं तेव्हा १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. आता एका कंपनीच्या विधी विभागात आहे. पगार कमी, पण रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर होतं.

सातारा, सीनियर

वरचं वाचून फार वाईट वाटलं. एकाच वेळी तीन कोर्टांत बोर्डावरची (त्या दिवसाच्या यादीतली) प्रकरणं पुकारली जातात तेव्हा जीव खालीवर होतो हे खरं, पण म्हणून पोरांचा अपमान करायचा अधिकार मिळत नाही. माझ्याकडे ज्युनियर आला की पहिल्याच दिवशी पैसे, वेळ आणि सुट्ट्या कागदावर लिहून देतो. मसुद्यातल्या चुका दार लावून, त्याला शेजारी बसवून दाखवतो. साध्या साक्षीदाराची उलटतपासणी दुसऱ्या वर्षापासून त्यालाच करू देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झाल्यापासून आमच्याकडची मुलं तिकडे फेऱ्या मारतात. गाडीखर्च आणि जेवण माझ्याकडून, हिशेब त्याच संध्याकाळी. इतर सीनियरनीही आपण किती देतो ते इथे आकड्यात लिहावं.