किल -९ लाही दाद न देणारी प्रोसेस: कर्नलमधलं प्रत्येक वाट पाहणं मोडता यायला हवं का?

धागाकर्ता: एका उपकरणाच्या फर्मवेअरने उत्तर देणं बंद केलं आणि आयओसीटीएल कॉलमध्ये (उपकरणाला आज्ञा देणारा सिस्टम कॉल) गेलेली माझी प्रोसेस 'डी' स्थितीत, म्हणजे सिग्नलनेही न मोडणाऱ्या झोपेत, रुतून बसली. किल -९ चा (प्रोसेस सक्तीने मारण्याची आज्ञा) काही उपयोग नाही. सीपीयू रिकामा, पण लोड अॅव्हरेज (मशीनवरच्या कामाच्या भाराचा सरासरी आकडा) चढलेलं, कारण लिनक्स अशा झोपलेल्या प्रोसेसही त्यात धरतो. शेवटी मशीनच रीबूट करावं लागलं. माझं मत ठाम आहे: कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) वाट पाहणारी प्रत्येक प्रोसेस निदान मारता तरी आलीच पाहिजे.

प्रतिसाद १: असहमत. उपकरण डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, थेट मेमरीत लिहितं. तुम्ही वाट पाहणं सोडलंत, ड्रायव्हरने बफर (डेटासाठी राखलेली मेमरी) मोकळा केला, ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली आणि मग उपकरण जागं होऊन तिथे लिहू लागलं तर? अडकलेली प्रोसेस परवडली, बिघडलेला डेटा नाही.

धागाकर्ता: पण मग बफरची मालकी प्रोसेसकडे ठेवायचीच कशाला? ती रिक्वेस्टकडे द्या, रेफरन्स मोजा, म्हणजे तो अजून कोण कोण वापरतंय याची नोंद ठेवा. प्रोसेस निघून जाईल, रिक्वेस्ट मागे राहील आणि उपकरणाने हात काढला की बफर मोकळा होईल.

प्रतिसाद २: माझी भीती वेगळी आहे. डिस्कवरची फाइल वाचताना ईआयएनटीआर (सिग्नलमुळे कॉल अर्ध्यावर मोडल्याची एरर) येत नाही, हे गृहीत धरून वर्षानुवर्षं प्रोग्राम लिहिले गेलेत. आणि जे ती एरर हाताळतात तेही चुकतात. लिनक्सवर फाइल बंद करणाऱ्या क्लोजने ईआयएनटीआर दिला तरी डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) सुटलेला असतो. पुन्हा क्लोज केलं तर दुसऱ्या थ्रेडने नुकतीच उघडलेली फाइल बंद होऊ शकते.

प्रतिसाद ३: त्यासाठीच २००८ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२५ आवृत्तीत टास्क_किलेबल ही झोपेची नवी स्थिती आली. फक्त जीवघेणा सिग्नल झोप मोडतो. प्रोसेस यूजर मोडमध्ये परतत नाही, म्हणजे एरर तिला दिसतच नाही. एनएफएसचा (नेटवर्कवरची फाइलसिस्टम) सिग्नलने वाट मोडू देणारा 'इंटर' पर्याय तेव्हापासूनच निरर्थक झाला.

प्रतिसाद १: प्रोग्रामला दिसत नाही, पण मधल्या कर्नल कोडला दिसते ना! फाइलसिस्टम जर्नलचा (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) व्यवहार अर्ध्यावर असताना 'मी निघालो' म्हणता येत नाही. घेतलेली लॉक उलट्या क्रमाने सोडायची, बदललेलं पूर्ववत करायचं, आणि हे एरर पाथ टेस्टिंगमध्ये क्वचितच चालतात. मला वाट पाहण्याला मुदत घालणं जास्त पटतं. स्कझी (डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्कच्या कमांडला सहसा ३० सेकंद मिळतात, मग ती रद्द करायचा, नाहीतर उपकरण रीसेट करायचा प्रयत्न होतो. तुमच्या ड्रायव्हरमध्ये मुदतच नव्हती, खरी चूक ती.

धागाकर्ता: जर्नलचं मान्य, 'प्रत्येक' हा शब्द मागे घेतो. मुदतही हवीच. पण मुदत किती ठेवायची हे ड्रायव्हर लिहिणारा ठरवतो, आणि फर्मवेअर अपडेटसारख्या कामाला काही मिनिटं द्यावीच लागतात. तेवढा वेळ मशीनसमोर बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसावं, हे मला पटत नाही. हंग टास्कचा (फार वेळ अडकलेल्या प्रोसेसबद्दलचा कर्नलचा) इशाराही मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंदांनी फक्त लॉगमध्ये ओळी टाकतो. माझ्या ड्रायव्हरमध्ये न मोडणारी वाट पाहणाऱ्या वेट_इव्हेंटच्या जागी जीवघेण्या सिग्नलने मोडणारं वेट_इव्हेंट_किलेबल घालतोय, बफर रिक्वेस्टकडे सोपवून. आधी बफर, मगच झोप. उलट क्रमाने केलं तर प्रतिसाद १ मधली भीती खरी ठरेल.